फेब्रुवारीचे तीनशे

संत्र्याला दोन बहार येतात, आंबिया आणि मृग. त्यांचं वेळापत्रक शेंदूरजनाघाटातल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आंबिया घ्यायचा तर हिवाळ्यात झाडं ताणावर सोडायची, मृग घ्यायचा तर उन्हाळ्यात. ज्याच्या हाताखाली चार माणसं पगारावर आहेत त्याला मात्र तिसरा बहार सांभाळावा लागतो आणि तो बारमाही असतो. जूनअखेर एक भरणा, १५ जुलैला दुसरा, १५ जानेवारीला तिसरा, ३१ मार्चला विवरणपत्र. त्यातून कोणाचा आयकर कापला असेल तर महिन्याची ७ तारीख, भविष्य निर्वाह निधी लागला असेल तर १५ तारीख. या बहारात झाड नव्हे, मालक ताणावर जातो.

माझं कृषी केंद्र आहे. खत, बियाणं, फवारणीची औषधं. हाताखाली मुनीमकाका, संगणकावर बिलं काढणारी ताई, दोन हमाल, माल पोचवणारा गाडीवाला आणि सकाळ-संध्याकाळ झाडलोट करून जाणारे अर्धवेळ काका. सरकारी कागदावर या मंडळींना मिळून 'आस्थापना' म्हणतात. मोठ्या कंपनीत पगार-करांसाठी स्वतंत्र विभाग असतो, त्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं बसतात. आमच्या आस्थापनेत तो विभाग म्हणजे गल्ल्याखालचा खण. त्यात रबर लावलेल्या पावत्या, गेल्या सालचं कॅलेंडर, कुठल्याशा पासवर्डची चिठ्ठी आणि पासवर्ड बदलल्यावर त्याच चिठ्ठीवर खोडून लिहिलेला दुसरा पासवर्ड असा सगळा कर्मचारीवर्ग सुखाने नांदतो. खण उघडताना अडतो. तो पूर्ण उघडला की समजावं, तारीख निघून गेली.

या विभागाची खरी परीक्षा फेब्रुवारीच्या पगाराला होते. मोठा हमाल पाकीट मोजतो, परत मोजतो आणि माझ्यासमोर येऊन उभा राहतो.

"भाऊ, फेब्रुवारीत दिवस किती असतेत?"

"अठ्ठावीस."

"म्हंजे साऱ्यात लहान महिना?"

"हो."

"मंग साऱ्यात मोठी कटौती त्याच महिन्यात कावून?"

प्रश्न सरळ आहे, उत्तर राज्यघटनेत आहे. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाच्या पगारातून व्यवसाय कराचे, म्हणजे पीटीचे, दरमहा २०० रुपये कापायचे आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २२०० आणि वरचे ३०० मिळून २५००. हा आकडा आला तो घटनेच्या अनुच्छेद २७६ मधून. राज्याने कोणाही माणसाकडून वर्षाला या करापोटी २५०० रुपयांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, असं तिथे लिहून ठेवलंय. पूर्वी ही मर्यादा २५० रुपयांची होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने तिच्यावर एक शून्य चढलं. आता २५०० ला बाराने भाग जात नाही, यात हमालाचा काही दोष नाही. दरमहा २०० घेतले तर वर्षाअखेर १०० उरतात, आणि व्यवसाय कराच्या विवरणाचं वर्ष मार्चमध्ये सुरू होऊन फेब्रुवारीत संपतं. म्हणून उरलेले १०० शेवटच्या महिन्याच्या डोक्यावर. फेब्रुवारी लहान आहे म्हणून दया दाखवावी, असं घटनेत कुठे म्हटलेलं नाही.

हे मी हमालाला सविस्तर समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे भागाकार तुमाले जमला नाई अन् भुर्दंड आमाले."

खरी गंमत पुढे आहे. १९८८ पासून आजपर्यंत सोनं कुठून कुठे गेलं, खताच्या पोत्याचं काय झालं, हे गल्ल्यावर बसणाऱ्याने सांगायला नको. पण ते २५०० रुपये जागचे हललेले नाहीत. देशात इतकी वर्षं एकाच भावात मिळणारी दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही. मग मालक दर साली धावपळ कशाची करतो? तर कराच्या आजूबाजूच्या सगळ्याची. कर आहे तिथेच राहतो. कोणाकडून घ्यायचा, कोणाला सोडायचा, कुठल्या नमुन्यात कळवायचा, कुठल्या संकेतस्थळावर भरायचा आणि ते संकेतस्थळ कुठल्या वेळी झोपलेलं असतं, एवढंच बदलतं. रक्कम पाठ असलेला माणूसही भरताना चुकतो तो याच पायी.

आता कोणाला सोडायचं ते पाहा. २०१४ पासून ७,५०० पर्यंत पगार असेल तर कर नाही. त्यापुढे १०,००० पर्यंत दरमहा १७५. २०१५ पासून महिलांना १०,००० पर्यंत पूर्ण माफी आणि २०२३ च्या अर्थसंकल्पाने ती माफी २५,००० पर्यंत नेली. ज्या महिन्यात ताईच्या पगारातली कटौती बंद झाली, त्या महिन्यात दुकानात सामाजिक प्रश्न उभा राहिला. धाकटा हमाल म्हणाला, "बाईले माफी अन् आमाले नाई, हा कोनता न्याय?" ताईने बिलावरून मान वर न करता सांगितलं, "दादा, घरी जाऊन दोन टाइमचा सयपाक करा, धुनीभांडी करा. मंग माफीचा अर्ज मी सोता टाइप करून देतो." तो अर्ज अजून कोणी मागितलेला नाही.

अर्धवेळ काकांची गोष्ट आणखी नाजूक. त्यांचा पगार ७,५००. दिवाळीला मनात आलं, म्हटलं शंभर रुपये वाढवू. मुनीमकाकांनी चष्मा कपाळावर चढवून कागदावर मांडलं. पगार ७,६०० झाला की १७५ कापावे लागतील, हातात येतील ७,४२५. म्हणजे मी शंभराने वाढवलं आणि काकांचे पंचाहत्तर कमी झाले. पगारवाढ देऊन माणसाचा पगार कमी करता येतो, हे अर्थशास्त्र मला कॉलेजात शिकवलं नव्हतं. काकांना हिशेब दाखवला. ते हात जोडून म्हणाले, "भाऊ, तुमचं मन मोठं हाये, पन वाढवू नोका. परवडत नाई." माझ्या उभ्या आयुष्यात पगारवाढ नाकारणारा माणूस पाहायला मिळाला तो या कोष्टकाच्या कृपेने.

त्यातून आमचं गाव पडलं सीमेवरचं. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश. मुलताई, पांढुर्णा ही आमच्या सोयरिकीची गावं. माती तीच, संत्री तीच, बोलीही बरीचशी तीच. व्यवसाय कर मात्र निराळा. तिकडे वर्षाला सव्वादोन लाखांपर्यंत पगार असेल तर काहीच घेत नाहीत. पुढे वाढत वाढत जातो आणि चार लाखांच्या वर २५०० ला पोचतो. २५०० ला बाराने भाग तिकडेही जात नाही, पण त्यांनी तोडगा वेगळा काढला. अकरा महिने २०८ रुपये आणि शेवटच्या महिन्यात २१२. कटौतीत चारच रुपयांचा फरक, हमालाला कळायचासुद्धा नाही. आपल्याकडे गोल आकड्यांची हौस, तिकडे हिशेबाची. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने दुकानात सांगितली. मोठ्या हमालाने एकच विचारलं, "मंग दुकान तिकडंच सरकवायचं का भाऊ? पोते मी उचलतो."

२०२५ च्या फेब्रुवारीत त्याचा दुसरा हल्ला आला. टीव्हीवर दिवसभर एकच गाणं चाललं होतं, बारा लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला तर पावणेतेरा लाखांपर्यंत नाही. महिनाअखेर पाकीट मोजून तो म्हणाला, "बारा लाखवाल्याले माफ केलं म्हंते. आपल्याले बारा लाख भेटाले दोन जल्म लागतीन. मंग माहे तीनशे कापले कावून?" आता याला काय सांगायचं? तो कर दिल्लीचा, हा कर मुंबईचा. दिल्लीने सोडलं म्हणून मुंबईने सोडावं, असं काही नाही. शिवाय जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला निदान हा व्यवसाय कर उत्पन्नातून वजा करता येतो. ज्या नव्या पद्धतीत ती बारा लाखांची माफी आहे, तिथे ही वजावट मिळत नाही. पण ज्याला आयकरच लागत नाही त्याला वजावटीचं सुख सांगून उपयोग काय!

आमच्या शेजारी पन्हेरी आहे. शेंदूरजनाघाटचं नाव दूरवर गेलं ते या पन्हेऱ्यांमुळे. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा आणि वाढलेल्या कलमा ट्रकने परप्रांतात पाठवायच्या. रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचं उत्पन्न शेतीचंच धरायचं, हे २००८ च्या वित्त कायद्याने स्पष्ट केलं. तेव्हा कलमांच्या कमाईवर पन्हेरीच्या मालकाला आयकर नाही. त्याच्या मुनीमाच्या पगारातून मात्र फेब्रुवारीत ३०० कापायचेच. हे गणित आमच्या दोघांच्या मुनीमांनी एकत्र बसून चहाच्या टपरीवर सोडवलं. तेव्हापासून दोघंही आमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात.

यानंतर येतं कल्याण. महाराष्ट्र कामगार कल्याण निधी, कायदा १९५३ चा. पाच किंवा जास्त माणसं असली की लागू. पूर्वी दर सहा महिन्यांनी कामगाराचे १२ आणि मालकाचे ३६ रुपये भरायचे, २०२४ मध्ये ते २५ आणि ७५ झाले. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापायचे. पंचवीस रुपये कापल्यावर गाडीवाल्याने चौकशी केली.

"हे कायचे?"

"कल्याणाचे."

"कोनाच्या?"

"तुझ्या."

"पंचवीस रुपयात? सहा महिन्याच्या?" असं म्हणून तो इतका हसला की गाडीची चावी हातातून पडली. निधीच्या योजना आहेत, मुलांना शिष्यवृत्तीही मिळते, हे मी सांगितलं. तेव्हा तो गंभीर झाला आणि फॉर्म मागायला लागला. आता तो फॉर्म कुठे मिळतो हे शोधण्याचं काम मालकाच्या खणात जाऊन पडलं. माणशी १०० रुपये भरताना कोणाचं काही जात नाही. ते भरण्यात जो अख्खा दिवस जातो, त्याचा रकाना कुठल्याच नमुन्यात नाही.

गावातल्या माझ्या एका मित्राचं संत्रा छाननीचं आणि पॅकिंगचं काम आहे. गडी हुशार, धंदा वाढता. पण त्याची माणसं कायम एकोणीस. वीस झाली की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागतो. कामगाराचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के, १५,००० रुपयांची पगारमर्यादा, जी २०१४ च्या सप्टेंबरपासून तशीच आहे. आणि हा कायदा एकदा लागला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटत नाही. आमच्या बोलण्यात उन्नीस-बीसचा फरक कोणी फरक धरत नाही. निधीवाले तेवढाच धरतात. परवा त्याच्याकडे वरुडहून एक पोरगा काम मागायला आला. हात चालता, बोलणं नम्र, छाननी यंत्राचा अनुभव. मित्राने त्याला चहा पाजला, घरची विचारपूस केली आणि शेवटी हळहळून म्हणाला, "पोरा, तू लाख चांगला हायेस. पन तू विसावा हायेस."

विनोद बाजूला ठेवून सांगतो, त्या पोराला निधीची गरज सगळ्यात जास्त होती. म्हातारपणी कोणाच्या हाताकडे पाहावं लागू नये म्हणून केलेला कायदा, आणि त्याच्याच उंबरठ्यावर माणूस अडतो. मित्राला पैशांची तेवढी भीती नाही. त्याला भीती आहे ती दर महिन्याच्या १५ तारखेची. "पैशे भरतो ना बावा," तो म्हणतो, "पन आधार जुळत नाई, नावात काना जास्त हाये, बापाच्या नावाची वेलांटी चुकली, याले मी काय करू?"

भरणा घरबसल्या होतो, हे खरं आहे. त्यासाठी घरी वीज, नेट आणि मोबाईलची रेंज अशा तिघांनी एकाच वेळी हजर राहायला हवं. आमच्याकडे डोंगराच्या बाजूला गेलं की फोन आपोआप मध्य प्रदेशातला टॉवर धरतो आणि आपलं तिकडे स्वागत झाल्याचा संदेश येतो. ओटीपी यायच्या आत स्वागत येतं, स्वागत वाचेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. कित्येक दुकानांचा नोंदणीकृत मोबाईल नंबर पुण्याला शिकणाऱ्या पोराचा असतो. मग शेवटच्या तारखेला संध्याकाळी गावभर एकच आवाज, "अरे बापू, वर्गात अशीन तरी उचल, ओटीपी सांग!" पोराला वाटतं बापाला आठवण आली.

या सगळ्यांतून मालकांना पार करणारा एक माणूस वरुडला बसतो. तो सनदी लेखापाल असो, कर सल्लागार असो, आम्ही त्याला वकीलसाहेबच म्हणतो. त्यांचे संदेश व्हॉट्सॲपवर येतात आणि प्रत्येकात 'तात्काळ' हा शब्द असतो. गंमत अशी की रात्री जागून, संकेतस्थळाच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे टक लावून भरणा करावा, आणि सकाळी पेपरात बातमी यावी की मुदत वाढवली. ज्याने भरलं नाही तो त्या दिवशी गावात विजयी मुद्रेने फिरतो. वेळेवर भरणाऱ्याला सत्कार नाही, भरलेलं परत घ्यायची सोयही नाही.

मग उजाडला २१ नोव्हेंबर २०२५. केंद्राने जुने २९ कामगार कायदे मोडून त्यांच्या चार संहिता लागू केल्या. माझ्या मनाला जरा गारवा वाटला, म्हटलं पंचवीस कमी झाले. वकीलसाहेबांनी चारांची जाडी दाखवली, तेव्हा गारवा ओसरला. आता पगाराची व्याख्या बदलली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून एकूण रकमेच्या निम्मे तरी हवेत, बाकीचे भत्ते निम्म्याच्या वर गेले तर जादा भाग पगारातच धरायचा. आमच्या दुकानात भत्ता म्हणजे दुपारचा चहा, तेव्हा इथवर ठीक होतं. पण पगाराच्या बदल्यात वस्तू दिली तर तिची किंमतही १५ टक्क्यांपर्यंत पगारात धरतात, हे ऐकून मी वकीलसाहेबांना फोन लावला. आंबियाच्या तोडीत मी प्रत्येकाला घरच्या संत्र्याचं एक कॅरेट देतो. ते पगारात धरायचं का? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बदल्यात देत असाल तर धरा, प्रेमाने देत असाल तर नका धरू." तेव्हापासून कॅरेट देताना मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणतो, "हे प्रेमाचं हाय बरं!" लोकांना वाटतं मालकाला उतारवयात काहीतरी झालं.

नव्या नियमाने प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं. मुनीमकाका वडिलांच्या काळापासून दुकानात आहेत. मी रीतसर छापलेलं पत्र पाकिटात घालून त्यांच्या हातात दिलं. पाकीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाकीट न उघडता म्हणाले, "भाऊ, माहं काई चुकलं का? काढता का मले?" इतक्या वर्षांत या दुकानात कोणाला कागद मिळाला तर तो वाईट बातमीचाच. त्यांना पत्र वाचून दाखवलं, तुमची नेमणूक झाली म्हणून पेढा भरवला. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर आले, नव्या नोकरीत उशीर नको म्हणून.

नोकरी सोडणाऱ्याचा हिशेब आता दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा. नियम चांगलाच आहे, पैसे अडकवून ठेवणारे मालकही आहेत. पण आमच्याकडे माणूस नोकरी सोडतो म्हणजे राजीनामा देत नाही. तो पोळ्याला गावी जातो. पोळा होतो, तान्हा पोळा होतो, गणपती उठतात. मग कोणीतरी सांगतं, थो तर अमरावतीले कामाले लागला. आता ते दोन दिवस कुठून मोजायचे? आम्ही पाकिटात पैसे घालून, वर नाव लिहून वाट पाहत बसतो. दिवाळीत तो येतो, पैसे घेतो आणि विचारतो, "भाऊ, जागा हाये का?"

शिवाय १९६१ चा आयकर कायदा गेला, १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा लागू. त्यात मागील वर्ष आणि आकारणी वर्ष असा जुना घोळ काढून एकच 'कर वर्ष' ठेवलंय. त्याबद्दल मी सरकारचा मनापासून आभारी आहे. मुनीमकाका नाहीत. जुना घोळ त्यांना तोंडपाठ होता, आता साऱ्या गावात ते समजणारं दुसरं कोणी उरलं नाही, याचं त्यांना दुःख आहे.

एवढं सगळं झाल्यावर एका निवांत दुपारी मोठा हमाल पोत्यावर बसून म्हणाला, "भाऊ, पन हा पीटीचा पैसा जाते कुठं?" हा प्रश्न मला आवडला, कारण याचं उत्तर चांगलं आहे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला. हाताला काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, हा विचार वि. स. पागे यांनी लावून धरला आणि त्यातून रोजगार हमी योजना आली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदाराने थोडं द्यावं आणि खेड्यातल्या बिनकामाच्या माणसाला खडी फोडायला का होईना काम मिळावं, असा तो सौदा होता. हमालाचे डोळे चमकले. "माहा बाप गेल्ता खडी फोडाले," तो म्हणाला. "म्हंजे तवा कोन्या साहेबाचे पैशे माह्या बापाले भेटले, अन् आता माहे..." पुढे तो काही बोलला नाही. पहिल्यांदाच त्या २०० रुपयांवरून त्याची तक्रार थांबली.

मला चेव आला. म्हटलं, अजून ऐक. हा कर फार समतावादी आहे. घटनेत वरची मर्यादाच २५०० ची. तेव्हा मुंबईला नरिमन पॉइंटवर काचेच्या इमारतीत बसणारा, वर्षाला कोट्यवधी घेणारा मोठ्या कंपनीचा साहेबही वर्षाला २५०० भरतो. या दुकानाचा मालक म्हणून मीही वेगळी नोंदणी करून, नफा होवो की तोटा, २५०० भरतो. आणि तूही २५०० भरतोस. एक पैसा जास्त नाही, एक पैसा कमी नाही.

तो बराच वेळ विचार करत राहिला. मग उठला, डीएपीचं पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतलं आणि दारात थांबून म्हणाला, "म्हंजे थो साहेब, तुमी अन् मी, तिघंबी बरोबरीचे?"

"करापुरते, हो."

"मंग त्याले सांगजा भाऊ, फेब्रुवारीत एक दिवस इकडं ये म्हना. पोते उतरवाले एक मानूस कमी हाये."